सौरशक्तीचे दिवंगत उपासक

(ज्ञातिसंस्थेच्या लोणी भापकर येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या पहिल्या दिवशी वर्षभरातील दिवंगतांचे स्मरण करण्याची आपली जुनी प्रथा आहे. कार्यवाह नावे वाचतात, सभा उभी राहते, दोन मिनिटे कोणी बोलत नाही. यंदा त्या स्मरणाला जोडून आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली व विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली. आम्ही निवडलेला विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले, व ते साहजिकही आहे. कारण ज्यांची नावे आज आम्ही मुख्यतः घेणार आहोत, त्यांच्यापैकी कोणीही आपल्या वंशावळीत सापडणार नाही. एक मुंबईच्या हायकोर्टातला इंग्रज अधिकारी, एक केरळातून पुण्यास आलेल्या विदुषी आणि एक नीरेच्या पलीकडचे शेतकी संशोधक, अशी ही नावे आहेत. या तिघांचे आपल्याशी नाते काय, असा प्रश्न कोणी विचारील.

त्याचे उत्तर आपल्याच घरच्या आचारात आहे. आपल्यापैकी जे पितृपक्षात तर्पण करतात त्यांना ठाऊक आहे, की आईवडिलांच्या व आजापणजांच्या नावे पाणी सोडून झाले म्हणजे विधी संपत नाही. ज्यांच्यामागे कोणी आप्त उरला नाही, ज्यांच्या नावे पाणी सोडणारा कोणी नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडावी लागते. आमचे आजचे भाषण ही तशीच एक ओंजळ आहे, असे समजावे.

हा विषय याच गावी मांडण्यास आणखी एक कारण आहे. आज सकाळी आपल्यापैकी बहुतेकांनी मल्लिकार्जुनाचे दर्शन घेतले व पुष्करिणी पाहिली. पाण्याचा थेंब न् थेंब जपणाऱ्या मुलखात पूर्वजांनी दगडात बांधलेले ते कुंड पाहून कोणाचेही मस्तक नम्र होईल. बारामती म्हटले की परगावच्या लोकांस ऊस आणि कालवा आठवतो. परंतु नीरेचा डावा कालवा तालुक्याच्या दक्षिण अंगाने जातो; मोरगाव, सुपे, लोणी भापकर या बाजूचा मुलूख मुख्यत्वे जिराईतच राहिला. पाऊस येथे हात आखडून पडतो. सूर्य मात्र कधी कंजुषी करीत नाही. निरभ्र दिवशी भर दुपारी एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा जमिनीच्या तुकड्यावर सुमारे १००० वॉट इतकी शक्ती उन्हाच्या रूपाने पडत असते. वर्षाची सरासरी काढली, तर आपल्या भागात एवढ्याच तुकड्यावर दिवसाला ५ युनिटांहून अधिक ऊर्जा उतरते. म्हणजे ज्या माळाला आपण उजाड म्हणतो, त्यावर रोज केवढी संपत्ती ओतली जाते, पाहा! प्रश्न एवढाच, की ती धरून ठेवावी कशी. त्या प्रश्नासाठी ज्यांनी आपली उमेद खर्च केली, त्यांची ही कथा आहे.

पहिले नाव विल्यम अ‍ॅडम्स यांचे. हे गृहस्थ मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होते. दिवसा कज्जेखटल्यांची दप्तरे आणि फावल्या वेळी सूर्याची आराधना, असा त्यांचा क्रम. त्या सुमारास फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो नावाचे गणिताचे अध्यापक वक्र आरशांनी ऊन एकवटून वाफेचे यंत्र चालवीत होते. १८७८ सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी उन्हाच्या बळावर बर्फ तयार करून दाखविले व सुवर्णपदक मिळविले. अ‍ॅडम्स यांनी मूशोंचे काम अभ्यासले, त्यातील उणीव हेरली व आपली निराळी वाट काढली. चांदीचा मुलामा दिलेला धातूचा वक्र आरसा महाग पडतो व लवकर काळवंडतो. त्यापेक्षा साधे, सपाट, काचेचे आरसे पुष्कळ संख्येने मांडावेत आणि त्या सर्वांचा कवडसा एकाच बॉयलरवर पाडावा, अशी त्यांची कल्पना होती. कुलाब्यास आपल्या आवारात त्यांनी अशा आरशांची मोठी अर्धवर्तुळाकार मांडणी उभारली. सूर्य सरकेल तशी ती फिरविता येत असे. तिच्या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन त्यांनी सुमारे पंधरा दिवस दिवसाउजेडी चालवून दाखविले व ते पाहण्यास लोकांना आमंत्रण दिले.

त्यांनी उन्हावरची चूलही केली. आठ बाजूंची लाकडी पेटी, आत आरसे आणि मध्ये काचेच्या झाकणाखाली भांडे, अशी तिची रचना होती. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईत ऊन सर्वांत सौम्य असते तेव्हा, सात शिपायांचे मांस व भाजी तीत दोन तासांत शिजली, असे वृत्त त्या काळच्या अमेरिकन नियतकालिकात छापून आले. या सर्व प्रयोगांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८७८ मध्ये मुंबईतच छापले गेले. उष्ण देशांत लाकूड व कोळसा यांच्याऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे त्यातील प्रतिपादन. ससून इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदकही त्यांना लाभले.

पण पुढे काय झाले? पुढे काहीच झाले नाही. परदेशातून जहाजांनी येणारा कोळसा सोयीचा वाटला, अ‍ॅडम्स यांचे काम हाती घेणारा येथे कोणी उभा राहिला नाही, आणि सौर इंजिनाची हकीकत विस्मृतीत गेली. पुष्कळ सपाट आरशांनी एकाच बॉयलरवर ऊन फेकण्याची रीत आज परदेशांतील मोठमोठ्या सौर वीजकेंद्रांत वापरली जाते. ती आपल्या कुलाब्यात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी करून दाखविली गेली होती, हे मुंबईकरांपैकी तरी कितीजणांना ठाऊक असेल?

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९४५ मध्ये, जमशेदपूरचे एम. के. घोष यांनी पेटीच्या आकाराची सौरचूल तयार केली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत मोठ्या वक्र तबकाची सौरचूल निघाली. १९५४ मध्ये दिल्लीतच युनेस्कोच्या विद्यमाने पवनशक्ती व सौरशक्ती यांवर परिसंवाद भरला. राष्ट्राला मोठी आशा वाटू लागली होती. पण ती चूल घराघरांत गेली नाही. तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती, तबक सूर्याकडे वरचेवर वळवावे लागे आणि स्वयंपाक करणारीला उन्हात उभे राहावे लागे. पुढे घोष यांच्या पेटीचीच सुधारलेली जात सरकारी सवलतीने देशभर वाटली गेली.

तसली एक पेटी आमच्याही घरी आली होती. काळ्या रंगाचे डबे, दुहेरी काच, झाकणाला आरसा. आमच्या मातोश्रींनी आयुष्यभर चुलीचा धूर सोसला होता. सकाळी डाळ-तांदूळ पेटीत ठेवून त्या शेतावर जात आणि दुपारी परतल्यावर शिजलेला वरणभात बाहेर काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते आम्ही विसरलेलो नाही. अर्थात ज्वारीची भाकरी तीत होत नसे. भाकरीला तव्याची कडक आच लागते व पेटीची उष्णता तेथवर पोहोचत नाही. शिवाय आपल्याकडे मुख्य जेवण रात्रीचे, आणि सूर्य तर सायंकाळीच निरोप घेतो. म्हणून चूल काही सुटली नाही. पण तिच्यापुढे बसण्याचा वेळ अर्ध्यावर आला. दोन पावसाळे गेले आणि ओल धरून आरशाचा पारा उडाला, झाकणाची बिजागरी निखळली. जवळपास दुरुस्त करणारा कोणी नव्हता, आणि आम्हीही शोधला नाही. पेटी माळ्यावर गेली व तीत कांदे भरले गेले. मातोश्री एकदा एवढेच म्हणाल्या, "ऊन काय सुट्टीवर गेलंय का? मग पेटी का बसून राहिली?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. आज आहे, आणि ते आम्हास लाजविणारे आहे. सूर्याने कसूर केली नव्हती, घोषांच्या बुद्धीनेही केली नव्हती. एका बिजागरीसाठी आम्ही ते काम सोडून दिले होते.

दुसरे नाव अण्णा मणी यांचे. नावावरून आपल्याकडे हे कोणी पुरुष वाटतील. पण त्या बाई होत्या, आणि त्यांच्या कर्तृत्वाची भूमी आपले पुणे शहर होते. त्यांचा जन्म १९१८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी घरच्यांनी हिऱ्यांच्या कुड्या देऊ केल्या, तेव्हा या मुलीने त्या नाकारून ज्ञानकोश मागितला, अशी त्यांची आठवण सांगतात. पुढे बंगलोरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली त्यांनी हिरे व माणके यांच्या प्रकाशगुणांचे संशोधन केले. प्रबंध सादर केला, परंतु एम. एस्सी. ही पदवी नसल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्यांनी त्याचे भांडवल केले नाही. इंग्लंडमध्ये हवामानयंत्रांचे शिक्षण घेऊन त्या १९४८ मध्ये परतल्या आणि पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या.

त्या काळी आपल्या देशात साधी हवामानयंत्रेही विलायतेहून येत. ती येथेच घडावीत म्हणून सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने १९५७-५८ मध्ये त्यांनी देशभर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. ऊन मोजायचे म्हणजे काय करायचे? काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग ठेवलेला असतो. ऊन पडले की तो तापतो, त्या तापण्याने दोन धातूंच्या जोडांत अतिसूक्ष्म विद्युत्दाब निर्माण होतो, आणि त्यावरून उन्हाचे मोजमाप कळते. ऐकावयास सोपे वाटते. पण काचेवर धूळ बसली, रंग विटला किंवा यंत्र किंचित कलले तरी आकडा चुकतो. चुकीचे माप असण्यापेक्षा माप नसलेले बरे, अशी बाईंची ठाम धारणा होती. म्हणून प्रत्येक केंद्राचे यंत्र प्रमाण यंत्राशी ताडून पाहणे, नोंद रोज व वेळच्या वेळी होते की नाही याची खातरजमा करणे, हे अत्यंत नीरस काम त्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केले व करवून घेतले.

खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. भारतातील सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये आणि त्याला जोडून दुसरा १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पवनशक्तीच्या मोजणीसही त्यांनी असेच वाहून घेतले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या.

बंधुभगिनींनो, आज आपल्या गावोगावी विहिरीच्या काठावर सौरपंपाची निळी-काळी तावदाने दिसू लागली आहेत. सूर्यप्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणारी सिलिकॉनची पहिली उपयुक्त घटमाला अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनी १९५४ मध्ये केली. पडलेल्या उन्हाचा सुमारे ६ टक्के भागच ती विजेत बदलू शकत असे; आजच्या तावदानांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात व त्याच्याही पुढे गेले आहे. ते तिघेही आज हयात नाहीत. पण तावदान कितीही उत्तम असले, तरी पाच अश्वशक्तीच्या पंपाला ती किती लावावीत, मार्गशीर्षात ऊन किती मिळेल आणि आषाढाच्या ढगांत किती घटेल, हे ठरविण्यास आधी उन्हाचा हिशेब हाती असावा लागतो. आपल्या देशात तो हिशेब ज्या शिस्तीवर उभा राहिला, ती शिस्त बाईंनी घालून दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. रात्री दोन वाजता बॅटरी हातात धरून, साप-विंचवाच्या भयाने पाऊल टाकीत जे दारे धरायला गेले आहेत, त्यांना दिवसाच्या विजेचे मोल सांगावयास नको. त्या सुटकेत पुण्याच्या या बाईंचाही वाटा आहे, हे मात्र सांगावयास हवे.

तिसरे नाव आपल्या अगदी शेजारचे. नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्याचा फलटण तालुका लागतो. तेथे बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. निंबकर हे मूळचे शेतीचे माणूस. करडई, ज्वारी, शेळ्यामेंढ्या असे त्यांचे विषय होते. पण शेतकऱ्याच्या घरातला अंधार व धूर हाही शेतीचाच प्रश्न आहे, हे त्यांच्या संस्थेने ओळखले. अमेरिकेत सौरऊर्जेचे शिक्षण घेतलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये या आडगावच्या संस्थेत आले, आणि गोड ज्वारीच्या कामाला सूर्याची जोड मिळाली.

ही कल्पना आपल्यासारख्या जिराईत मुलखाने नीट ध्यानात घ्यावी अशी आहे. गोड ज्वारीच्या कणसात दाणा भरतो आणि ताटात साखर उतरते. दाणा घरात खावा, रस आंबवून त्याचा मद्यार्क करावा आणि चोथा जनावरांपुढे टाकावा. परंतु मद्यार्क गाळण्यास उष्णता लागते. तीसाठी लाकूड जाळले तर एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गेले. म्हणून फलटणला उन्हावर तापविलेल्या पाण्याच्या उष्णतेने तो गाळण्याचा प्रयोग करण्यात आला व यशस्वी झाला. त्या मद्यार्कावर चालणारे कंदील व चुलीही तेथे तयार झाल्या. ज्वारी, ऊन आणि चूल, या तिन्ही गोष्टी आपल्या परसातल्याच. त्या एका सूत्रात ओवता येतात, हे दाखविण्यास कोणी परक्या देशातून यावे लागले नाही. निंबकर २०२१ मध्ये, नव्वदीत, निवर्तले. त्यांच्यामागे संस्था उभी आहे, हे त्यांचे भाग्य. अ‍ॅडम्स यांना ते लाभले नव्हते.

या तिन्ही चरित्रांतून आम्हास एकच गोष्ट दिसते. शोध लावणारा एकटा असू शकतो. शोध टिकविण्यास मात्र समाज लागतो. अ‍ॅडम्स यांच्या आरशांना वारस मिळाला नाही, म्हणून ते काम खंडित झाले. मणीबाईंनी नोंद ठेवण्याची शिस्त लावली व निंबकरांनी संस्था उभी केली, म्हणून त्यांचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले. मृताचे खरे स्मरण त्याच्या तसबिरीला घातलेल्या हाराने होत नाही. त्याचे हातातले काम पुढे चालविण्याने होते.

आता आमच्या मनातली गोष्ट सांगतो, ती आपण उदार मनाने ऐकून घ्यावी. आपल्या संस्थेच्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाणी तापविण्याचे सौरयंत्र आहे. ज्ञातीतील दात्यांनी पदराला खार लावून ते बसविले. त्या दिवशी सनई वाजली, भाषणे झाली. पहिली तीन वर्षे मुलांना हिवाळ्यात पहाटे कढत पाणी मिळाले. पुढे विहिरीच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत धरला, पाणी फिरेनासे झाले, आणि यंत्र बंद पडले ते आजतागायत. वर्षातून एकदा नळ्या धुऊन क्षार काढावा लागतो, एवढेच त्याचे पथ्य होते. ते कोणी पाळले नाही. त्या वेळी कार्यकारी मंडळावर आम्हीही होतो, तेव्हा हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचा आमचा विचार नाही. खेद याचा वाटतो, की जिन्याजवळ दात्यांच्या नावांची जी संगमरवरी पाटी आहे, ती मात्र आम्ही दर वर्धापनदिनी पुसून लख्ख करीत आलो. पाटीखालून मुले थंड पाण्याच्या बादल्या घेऊन जातात.

उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे स्मारकनिधीतून दिवंगत कार्यकर्त्यांची तैलचित्रे करविण्याचा ठराव आहे. त्या कार्यकर्त्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. त्यांपैकी काहींच्या मांडीवर आम्ही खेळलो आहोत. परंतु आमची नम्र सूचना अशी, की निधीतील पहिला खर्च ते सौरयंत्र सुरू करण्यावर व्हावा. उरलेल्या रकमेतून चित्रे करावीत. दुसरी सूचना, वसतिगृहातील मुलांनी व मुलींनी एक नोंदवही ठेवावी. तीत रोजचे ऊन, पाण्याचे तापमान, काच पुसल्याची व नळ्या धुतल्याची तारीख लिहावी. या वहीने त्यांना मणीबाईंची शिस्त कळेल. तिसरी, दरवर्षी आपल्या दोन होतकरू मुलांना सौरपंप व सौरयंत्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण संस्थेच्या खर्चाने द्यावे. गावात दुरुस्त करणारा असता, तर आमच्या मातोश्रींची पेटी माळ्यावर गेली नसती.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या आत्म्यास भिंतीवरच्या चित्राने समाधान होईल, की पहाटे परीक्षेला निघालेल्या नातवंडाच्या अंगावर पडणाऱ्या ऊन पाण्याने, याचा निर्णय आपण सुज्ञ आहात, आपणच करावा.

सूर्य ज्ञात पाहून उगवत नाही, आणि त्याच्या या उपासकांनीही आपले काम ज्ञात पाहून केले नाही. उद्या सकाळी कार्यवाह आपल्या दिवंगतांची राहिलेली नावे वाचतील, तेव्हा त्यांच्या शेवटी विल्यम अ‍ॅडम्स, एम. के. घोष, अण्णा मणी आणि बनबिहारी निंबकर ही चार नावेही वाचावीत, एवढी विनंती आहे.